कॉफीचं पाकीट जातं कुठं?

कॉफीची रिकामी पाकिटं आमच्या घरात कधीच वेळेवर फेकली गेली नाहीत. एक तर ती दिसायला देखणी. मातकट कागद, त्यावर चिकमगळूरचे डोंगर, खाली हिरवं पान आणि बारीक अक्षरांत ‘पर्यावरणस्नेही’. सकाळी घंटागाडी आली की गोंधळ ठरलेला. ओल्या कचऱ्यात टाकावं तर आतून प्लास्टिक दिसतं, सुक्यात टाकावं तर पाकीटच सांगतं की मी कुजणारं आहे. तोवर गाडी पुढच्या गल्लीत आणि पाकीट ओट्याखालच्या खणात. खण उघडताना अडकायला लागला तेव्हा म्हटलं, ही भानगड एकदा मुळापासून बघू या. पाकीट कशाचं असतं, सोलापुरात ते कोण घेतं, आणि कोणीच घेत नसेल तर पाकिटाशिवाय घरात बरी कॉफी होते का. यात एक उन्हाळा, एक पावसाळा आणि पुढची थंडी गेली.

आमचं घर जुळे सोलापुरात. माहेर पूर्व भागाला लागून, त्यामुळे कॉफीची गोडी शेजारच्या तेलुगू घरांतून लागलेली. सासर मात्र पक्कं चहावालं. सासूबाईंच्या मते कॉफी म्हणजे पाहुणा आजारी पडला तर करायची गोष्ट. नवरा दोन्ही पितो आणि दोन्हींत साखर जास्त घालतो.

पहिलं काम कात्रीचं. खणातली पाकिटं काढली, धुतली, कापली. चकचकीत काळं पाकीट कोपऱ्यात नखानं सोललं की वरचा छापील पापुद्रा वेगळा होतो, मधे ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख दिसतो आणि आत दुधी प्लास्टिक. तीन जिनसा एकमेकींना इतक्या घट्ट चिकटवलेल्या की पुरत्या सुट्या होत नाहीत. मातकट कागदाचं पाकीट बादलीत रात्रभर भिजवून ठेवलं. सकाळी कागदाचा लगदा बोटानं पुसून निघाला आणि हातात राहिली तीच प्लास्टिकची पिशवी, फक्त आधी कागदाचा सदरा घातलेली. हा बादलीचा प्रयोग कोणालाही करता येतो. खर्च शून्य, आणि पाकिटावर काय लिहिलंय त्यापेक्षा जास्त कळतं.

पाकिटाच्या वरच्या अंगाला बटणाएवढी गोल झडप असते. ती कापून उघडली. आत एक लवचीक चकती, बाहेरच्या बाजूनं मिटलेली. आतला वायू दाब देऊन तिला उचलतो आणि बाहेर पडतो, दाब गेला की ती परत बसते, बाहेरची हवा आत येत नाही. पाकीट दाबून त्या भोकाचा वास घेणं हा माझ्या मुलीचा दुकानातला आवडता उद्योग. त्यामागं कारण आहे. कॉफीचं बी भाजलं की त्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पुढं कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. ताजी कॉफी बिनझडपेच्या पाकिटात बंद केली तर पाकीट फुगतं. ते टाळायला कॉफी आधी उघडी ठेवून शिळी करून मग भरायची, असा जुना इलाज होता. १९६०च्या दशकात इटलीतल्या गोल्यो कंपनीनं ही एकतर्फी झडप आणली आणि तो प्रश्न सुटला. म्हणजे ही पाकिटं निव्वळ नखरा नाहीत. प्राणवायू, ओल, उजेड आणि उष्णता या चौघांपासून कॉफी वाचवायची तर काहीतरी जाड लागतंच. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. कुरिअरच्या टेम्पोत दिवसभर तापून आलेलं पाकीट हातात घेतलं की झडपेची किंमत कळते.

पण काम संपल्यावर त्याचं काय? आमच्या भागात हातगाडी घेऊन येणाऱ्या भंगारवाल्या मामांपुढं मी सगळी पाकिटं मांडली. दुधाच्या पिशव्या त्यांनी उचलल्या, पुठ्ठा उचलला, तेलाचा कॅन उचलला. पाकिटं हातात घेऊन चुरगाळली, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला आणि परत दिली.

“ह्ये न्हाई चालत, ताई. ह्ये वितळतंय कमी, जळतंय जास्त. फुडं कोण घेत न्हाई आमच्याकडनं.”

आवाजावरून माल ओळखायची त्यांची पद्धत मला फार आवडली. आणि म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. बाहेरचा पॉलिएस्टरचा थर वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आतलं पॉलिथिन सव्वाशेच्या आतबाहेर पातळ होतं, आणि मधला धातूचा वर्ख या खेळातच नाही. तिघांना एकत्र वितळवून पुन्हा वापरता येईल असा प्लास्टिकचा दाणा निघत नाही. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणून तिला भाव. सरकारी नियमांनीही हा भेद केलाय. प्लास्टिक कचऱ्याचे २०१६चे नियम आहेत, त्यांत २०२२मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीची जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यांत प्लास्टिकबरोबर दुसरा एखादा पदार्थ चिकटवलेली बहुस्तरी वेष्टनं तिसऱ्या वर्गात वेगळी काढलीत. जबाबदारी कंपनीची, हे कागदावर. प्रत्यक्षात अशा मालाचा शेवट बरेचदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून होतो, नाहीतर डेपोत नुसता पडून राहतो.

रिकामी पाकिटं घरात वापरायचाही प्रयत्न झाला. शेंगाचटणी पुण्याच्या भाच्याला पाठवायची होती, झिपवालं पाकीट स्वच्छ धुऊन वाळवून त्यात भरली आणि हुतात्मा एक्सप्रेसनं जाणाऱ्या ओळखीच्या हाती दिली. भाच्याचा संध्याकाळी फोन: “मामी, चटणीत कॉफी घातलीय का?” प्लास्टिकच्या आतल्या थरात कॉफीचं तेल मुरतं, ते साबणानं जात नाही. आता त्यांत भेंडी-गवारीचं बियाणं राहतं. बियाणं तक्रार करत नाही.

मग कुजणारं पाकीट. एका विक्रेत्याकडून मुद्दाम ते मागवलं. अशा पाकिटांचं प्लास्टिक बहुधा मक्याच्या किंवा कसाव्याच्या (ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच्या) स्टार्चपासून केलेलं असतं, आणि भारतात ‘कंपोस्टेबल’ म्हणायचं तर आयएस १७०८८ या मानकाला उतरावं लागतं. मात्र ती कसोटी औद्योगिक कंपोस्टच्या परिस्थितीतली आहे. म्हणजे ५८ अंशांच्या आसपास तापमान, नीट ओल, नीट हवा, आणि तेही महिनोन् महिने टिकून. आमच्या गच्चीवर निळ्या पिंपात भाजीच्या देठांचं खत होतं. सोलापूरचं ऊन बघता मला वाटायचं, ५८ अंश म्हणजे आपल्याला घरचंच काम. पण पिंप बाहेरून तापतं आणि आतला कचरा वाळून कोरडा पडतो, मग किडे-जंतू काम थांबवतात. पाणी मारावं तर ते थंड होतं. छोट्या पिंपात स्वतःची ऊब धरून ठेवण्याइतका मालच नसतो. त्यासाठी मोठा ढीग लागतो.

पाकिटाच्या पट्ट्या कापून उन्हाळ्याच्या तोंडाला टाकल्या होत्या. पाऊस झाला, दिवाळी झाली, गड्ड्याची यात्रा भरली, संक्रांतीनंतर खत चाळलं. कागद पार गेलेला. आतला पापुद्रा ठिसूळ झालेला, बोटात धरला की तुटायचा, पण होता. आणि चाळणीवर ती झडप, जशी टाकली तशी. धुतली असती तर परत बसवता आली असती.

मी या पाकिटांना लबाड म्हणणार नाही. जिथं मोठ्या प्रमाणावर, तापमान सांभाळून कंपोस्ट होतं आणि तिथपर्यंत पाकीट वेगळं नेण्याची सोय आहे, तिथं ती ठीक असतील. आमच्या दारात येणाऱ्या गाडीवरचा पोरगा मात्र ते ओल्या कचऱ्यातून उचलून म्हणतो, “काकू, प्लास्टिक मिक्स करू नका,” आणि त्याचं काही चुकत नाही. दिसतं प्लास्टिक, लागतं प्लास्टिक. भंगारात गेलं तर खऱ्या प्लास्टिकचा माल नासवणार. ज्या गावात घेणारा नाही, त्या गावात ते हिरवं पान शोभेचं.

इथून माझा रोख बदलला. पाकीट चांगलं निवडण्यापेक्षा पाकीट घरी येणारच नाही असं काही जमतंय का?

कन्ना चौकाकडं एक जुनं किराणा दुकान आहे, तिथं दळलेली फिल्टर कॉफी सुटी मिळते. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मालवाहू टेम्पोवाल्याशी कानडी. मी स्टीलचा डबा पुढं केला तर त्यांनी आधी झाकण काढून वास घेतला.

“ह्याच्यात काय होतं?”

“काही नाही, कोरा आहे.”

“हिंग होता की.”

होता, दोन वर्षांपूर्वी. अण्णांनी डबा परत दिला. पुढच्या खेपेला नवा डबा नेला, त्यांनी तो काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि मग कॉफी घातली. डबा नेणाऱ्यानं तीन गोष्टी बघाव्यात: डबा ठणठणीत कोरडा हवा, त्याला दुसरा वास नको, आणि तो कॉफीनं जवळजवळ भरेल इतकाच मोठा हवा. अर्ध्या रिकाम्या डब्यात कॉफीपेक्षा हवाच जास्त, आणि हवा म्हणजे प्राणवायू. मोठा डबा ऐटीत दिसतो, पण त्यात कॉफी लवकर मरते.

चिकोरीची चौकशी केली. अण्णांकडं साठ-चाळीस, सत्तर-तीस आणि नुसती कॉफी असे तीन प्रकार. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर लिहावं लागतं. सुट्या मालावर कोण लिहिणार? तिथं अण्णांच्या शब्दावर चालतं. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, तिला रंग आणि घट्टपणा असतो, कॅफीन नसतं. दुधाच्या कॉफीत मला ती थोडी आवडतेच. कॉफीचे शुद्धतावादी नाक मुरडतात, मुरडोत.

सुट्या पुडीची अडचण अशी की दळल्याबरोबर कॉफीचा वास उडायला लागतो. बी अख्खं असताना जे काही आठवडे टिकतं ते पूड झाल्यावर दिवसांवर येतं. पाकिटाऐवजी डबा घेतला तर पाकिटाचं काम कोणी तरी करायला हवं. म्हणून थोडी कॉफी, वरचेवर आणि अख्ख्या बियांची, अशी सवय लावून घेतली. हातानं फिरवायची छोटी चक्की आणली. नवरा ती चहाची वाट बघत फिरवतो.

पण अण्णांकडं भाजलेल्या बिया येतात त्या मोठ्या पोत्यातून, आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या. माझ्या घरातलं पाकीट गेलं, दुकानात राहिलंच. एका पोत्यात पुष्कळ छोट्या पाकिटांचं काम होतं हे खरं, तरी मनात खुटखुट राहिली. तेवढ्यात बेंगळुरूला नोकरीला असलेला आतेभाऊ उद्यान एक्सप्रेसनं आला आणि येताना कापडी पिशवीतून कच्च्या, हिरव्या कॉफीच्या बिया घेऊन आला. चिकमगळूरकडच्या, अरेबिका जातीच्या, ‘धुतलेल्या’, म्हणजे फळाचा गर पाण्यानं काढून वाळवलेल्या.

हिरव्या बियांना झडप लागत नाही, वर्ख लागत नाही. त्यांत दहा-बारा टक्के ओल असते आणि कोरड्या, सावलीच्या जागी त्या महिनोन् महिने बऱ्या राहतात. सोलापूरची कोरडी हवा इथं कामाला आली; फक्त पावसाळ्यात बुरशीवर नजर ठेवायची. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया अंगावर लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. सातच्या सात बिया, बिनपाकिटाच्या.

भाजणं हा या सगळ्यातला मला सर्वात आवडलेला भाग. आमच्या घरात शेंगदाणे भाजायला जाड लोखंडी कढई आहे, चटणीमुळे तिला सुट्टी नसते. तीच घासून, तापवून कोरडी केली. मूठ-दोन मुठीच बिया घ्यायच्या, एकाच थरात राहतील अशा. आच मोठी आणि उलथनं थांबवायचं नाही. सुरुवातीला काही होत नाही, नुसती ओल्या गवताची वाफ. मग बिया पिवळ्या पडतात आणि वास भाकरीवर येतो. पिवळ्याच्या तपकिरी झाल्या की पातळ पापुद्रे सुटून कढईभर उडायला लागतात. धूर सुरू होतो, खिडकी उघडावी लागते. आणि मग, २०० अंशांच्या आसपास, पहिली तडतड. बियांतली वाफ आणि वायू फट पाडून बाहेर येतात, बी फुगतं. शेंगदाण्याची सवय असलेल्या हाताला वाटतं आता उतरवावं. दुधाच्या कॉफीला थोडं पुढं जावं लागतं, तडतड विरळ होऊन थांबली की आणखी जरासं. त्यानंतर दुसरी, बारीक, कोरडी तडतड येते. तिथं बी तेलकट व्हायला लागतं. त्या आवाजाला मी गॅस बंद करते.

पुढचं काम सासूबाईंचं. कॉफीला नावं ठेवणाऱ्या सासूबाई सूप घेऊन गच्चीच्या दारात उभ्या राहिल्या आणि गरम बिया अशा पाखडल्या की पापुद्रे कुंड्यांच्या दिशेनं गेले आणि बिया झटक्यात निवल्या. भाजलेली कॉफी लवकर थंड व्हावी लागते, नाहीतर आतल्या आचेवर भाजतच राहते. भाजण्याच्या कारखान्यात त्यासाठी पंखा लावलेली जाळी असते. आमच्याकडं सूप. “धान्य काय नि ही काय,” सासूबाई म्हणाल्या, पण तेव्हापासून कढई तापली की सूप त्याच शोधून आणतात.

वजन साधारण १५ टक्के घटतं. रंग एकसारखा येत नाही. कढईत काही बिया पुढं जातात, काही मागं राहतात. मला त्यात खोट वाटत नाही, चवीला थोडी गुंतागुंत येते. ज्याला प्रत्येक कप सारखा हवा त्यानं मात्र या वाटेला जाऊ नये. भाजल्यावर एक-दोन दिवस डब्याचं झाकण सैल ठेवायचं, वायू निघू द्यायचा, मग घट्ट लावायचं. लगेच प्यायली तर कॉफी उग्र लागते आणि गाळताना नुसता फेस येतो.

हिशेब मांडायला बसलं तर हे सारं निर्मळ नाही. एवढ्याशा बियांसाठी माझा गॅस बराच वेळ मोठ्या आचेवर जळतो. मोठं भाजणीयंत्र किलोमागं याहून कमी इंधनात काम करतं. शिवाय दुधाची कॉफी पिणाऱ्या घरात कार्बनचा मोठा वाटा पाकिटाचा नसतोच. तो शेतीचा, दुधाचा आणि दूध-पाणी तापवण्याचा असतो. दोन कपांसाठी चार कपांचं पाणी उकळणं, केलेली कॉफी ओतून देणं, हे पाकिटाइतकंच, कदाचित जास्तच जड. पाकीट आपल्या हातात उरतं म्हणून डोळ्यात सलतं. मी कढई चालू ठेवलीय ती आवडीसाठी, पर्यावरणाच्या नावावर ती खपवणार नाही.

आता पाणी. सोलापूरकराला पाण्याबद्दल सांगायला नको. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, टाकीत साठतं आणि मधल्या काळात बोअरवर भागतं. बोअरचं पाणी जड. किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो तोच कॉफीतला आंबटगोडपणाही मारतो, कारण पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं खाऊन टाकतात. उलट आरओचं पाणी इतकं पोकळ की कॉफी सपक लागते. कॉफीवाल्यांच्या संस्थांची शिफारस लिटरमागं १५० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांच्या आसपास राहण्याची आहे. फिल्टर दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाकडं मीटर असतो, त्याच्याकडून मोजून घेऊन आरओ आणि बोअरचं पाणी मिसळायचं प्रमाण ठरवलं. आरओतून वाया जाणारं पाणी फरशीला आणि गाडी धुवायला. आमची उंची समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, त्यामुळे पाणी शंभराच्या आधीच, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबलं की कॉफीला हवं तेवढं तापमान मिळतं. थर्मामीटर घ्यायची गरज नाही.

रोजची कॉफी आईकडून आणलेल्या स्टीलच्या फिल्टरमध्ये. वरच्या भांड्यात पूड, वर भोकांची चकती हलकेच दाबून, गरम पाणी, झाकण, आणि पंधरा-वीस मिनिटं त्याच्याकडं बघायचं नाही. यात फेकायला काहीच उरत नाही, चोथा सोडून. भोकं तुंबली तर रिकाम्या वरच्या भांड्याचा तळ गॅसच्या आचेवर धरायचा, अडकलेली पूड जळून जाते. ही युक्ती पूर्व भागातल्या कुठल्याही अक्कांना विचारा.

दूध न घालता प्यायची झाली तर गाळणी लागते, आणि कागदी गाळण्या परत पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लास्टिकच्या आवरणात, दुसऱ्या देशातून. कापडाच्या गावात राहून कागदाची गाळणी विकत आणायची हे मनाला पटेना. जपानात फ्लॅनेलच्या पिशवीतून कॉफी गाळायची जुनी पद्धत आहे. माझ्या डोक्यात मांजरपाट आला. धुलाई-रंग न केलेलं, साधं सुती. सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्यांनी तुकडा उजेडात धरला, दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, “हा फार दाट आहे, पाणी उतरायचं नाही. झिरझिरीत आण. आणि आधी खळ काढ.” विणताना तुटू नये म्हणून ताण्याच्या सुताला खळ देतात, ती नव्या कापडात असते. मी कापड उकळलं, पाणी गढूळ झालं, ओतलं, परत उकळलं. खळ गेली की नाही हे कसं कळणार? सासऱ्यांनी औषधांच्या डब्यातून टिंक्चर आयोडीन काढलं आणि कोपऱ्यावर एक थेंब टाकला. डाग निळा-काळा झाला. “आहे अजून.” आणखी एकदा उकळल्यावर थेंब नुसता पिवळट-तपकिरी राहिला. तो कोपरा कापून टाकला आणि उरलेल्याची गल्लीतल्या टेलरकडून शंकूच्या आकाराची पिशवी शिवून घेतली, शिवण बाहेरून, म्हणजे आत चोथा अडकत नाही.

पहिल्या काही कपांना कापडाची चव होती, नंतर गेली. कापडाला साबण कधीच लावायचा नाही. वापरून झाली की गरम पाण्यात खळबळायची आणि वाटीभर पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायची. वाळली की कॉफीची तेलं खवट होतात आणि पुढचा कप नासतो. काळी पडली, पाणी उतरेना, की दुसरी शिवायची. जुनी खताच्या पिंपात जाते आणि खरंच कुजते, कुठलंही मानक न बघता.

माझ्या वडिलांसाठी मात्र कागदी गाळणी ठेवलीय. न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य उतरतं, ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते अडवतो. स्टीलच्या फिल्टरला ते जमत नाही. वडिलांचा अहवाल बघता खोक्यावरचं प्लास्टिक मी माफ केलं.

चोथ्याबद्दल थोडंसं. कॉफीचा चोथा आम्लधर्मी असतो म्हणून गुलाबाला घाला, असं खूप सांगितलं जातं. आम्लाचा बराचसा भाग आपण पिऊन टाकलेला असतो, चोथा जवळजवळ उदासीन असतो. कढीपत्त्याच्या कुंडीत मी त्याचा जाड थर दिला तर वर पापुद्रा धरला आणि पाणी वाहून जाऊ लागलं. म्हणून तो आधी ताटात पसरून वाळवायचा, सोलापुरात एका दुपारचं काम, आणि कडुनिंबाच्या वाळक्या पानांत मिसळून पिंपात. एकूण मालाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

गेल्या महिन्यात अण्णांनी मला दुकानात थांबवून घेतलं. त्यांच्याकडं पाकिटांचा विक्रेता येऊन गेला होता, कारण नव्या गिऱ्हाइकांना सुटी कॉफी कमी दर्जाची वाटते. काउंटरवर नमुने मांडलेले: काळं वर्खाचं, मातकट कागदाचं, ‘कंपोस्टेबल’ हिरव्या पानाचं आणि एक साधं दुधी, एकाच जातीच्या पॉलिथिनचं, झडपसुद्धा त्याचीच. अण्णांचा जीव मातकटावर. मी एक तुकडा मागून घेतला आणि त्यांच्याच बादलीत बुडवला. गप्पा होईपर्यंत कागद सैल पडला, आतलं प्लास्टिक दिसलं. दुधी पाकिटाचा नमुना मी घरी नेऊन भंगारवाल्या मामांना दिला. त्यांनी चुरगाळलं, कानाशी नेलं. “ह्ये दुधाच्या पिशवीत जातंय की.” वर्खाइतकी हवा ते अडवत नाही, पण अण्णांचा माल आठ-पंधरा दिवसांत खपतो, त्याला सहा महिन्यांची तटबंदी कशाला?

अण्णांनी दुधी घेतलं. वर छापून घेतलं, रिकामं पाकीट परत आणल्यास किंवा स्वतःचा डबा आणल्यास पाच रुपये कमी. परवा विचारलं, कसं चाललंय?

“पाकीट भारी खपतंय, ताई. परत कोण आणत नाही. डबा आणणारी तीन माणसं आहेत,” अण्णा काट्यावर माझा डबा ठेवत म्हणाले, “त्यातली दोन तुमच्या घरची.”